हायड्रोजनच्या नटावरचा फुगा

नलूताई नसत्या तर आज मी पान्याने भलतंच करून बसले असते. आमच्या प्रयोगशाळेतली गॅसची खोली त्या सांभाळतात. नववीतच शाळा सुटलेल्या आणि घरापासून इतक्या लांब आलेल्या मला हे काम त्याच शिकवतात.

हायड्रोजनच्या सिलिंडरला रेग्युलेटर जोडून मी नटावर साबणाचा फेस लावला, तर तिथे इवलासा फुगा आला. फुटला, पुन्हा आला. हा गॅस दिसत नाही, वास येत नाही, आणि पेटायला एक ठिणगी पुरते. मी घाबरून पाना उचलला, नळाला गुंडाळतात ती पांढरी टेपही काढली.

"अगं, हा काय तुझ्या गावचा नळ आहे?" नलूताई म्हणाल्या. "टेपने गळती झाकली जाते, थांबत नाही. आणि दाब असताना आवळायचं नसतं. आधी सिलिंडर बंद कर."

दाब सोडून रेग्युलेटर उतरवला, तर त्याच्या तोंडावर चरा निघाला. त्यांनी हायड्रोजनसाठीचाच दुसरा दिला, तो जोडून मी पुन्हा फेस लावला. फेस शांत झाला, मी मात्र नाही. न दिसणारं कुठे कुठे गळत असेल, हेच दिवसभर डोक्यात. आई फोनवर विचारते, "बरं आहे ना गं?" मी "हो" म्हणते. माझं ते 'हो'सुद्धा टेपच.

नलूताईंना लेकीकडे जायचं असतं, पण या खोलीच्या काळजीने त्यांचं जाणं राहतं. एक दिवस मी इतकी पक्की होईन, की किल्ली माझ्या हातात ठेवून त्या निवांत जातील.