बून लेंग आपेकांचे सहा मासे

आमच्या बेटावर माझ्या धंद्याचं सगळ्यात जास्त नुकसान कुणी केलं असेल, तर ते बून लेंग आपेकांनी. आपेक म्हणजे आमच्याकडे वडीलधाऱ्या म्हाताऱ्याला मारायची हाक. एअर इतामच्या बाजारामागे माझं दुकान आहे. काचेच्या टाक्या, पंप, हीटर, जाळ्या एवढंच मी विकते. जिवंत मासा ठेवत नाही, तो व्याप मला नको. कुणी घरी डिस्कस मासे पाळायचे म्हणालं की मी त्याला टाकी विकायची आणि माशांसाठी डोंगरापलीकडे बालिक पुलाऊला आपेकांकडे धाडायची. आपेक त्याला हात हलवत परत पाठवायचे. मग तो माझ्या दारात येऊन टाकी परत घ्या म्हणून डोकं खायचा.

एकदा नव्या वर्षाच्या तोंडावर एक नवरदेव आला. नवं घर, नवी बायको, आणि शकुनाला लालभडक डिस्कस हवे होते. टाकी गाडीत टाकून तसाच आपेकांकडे गेला. टाकी कधी घेतली, असं आपेकांनी विचारलं. आज सकाळी, तो म्हणाला. मग आधी महिनाभर ती नुसत्या पाण्यावर चालवा, पाणी मुरू द्या आणि नंतर या, असं आपेकांनी सांगितलं. नवरदेव म्हणाला, पाहुणे रविवारी येणार आहेत. त्यावर आपेक म्हणाले, मग त्यांना पापलेट वाफवून घाला, बाजारात ताजं आलंय. ही हकिगत त्याने मला दुकानात उभं राहून ओरडून सांगितली. मला हसू आवरलं नाही आणि गिऱ्हाईक कायमचं तुटलं.

बरं, ज्यांना मासे मिळायचे त्यांचीही सुटका नव्हती. आपेकांची शेड पत्र्याची. आत उघड्याबोडक्या टाक्यांच्या रांगा, ना वाळू ना वनस्पती. एका टाकीसमोर प्लॅस्टिकची खुर्ची असायची, ती गिऱ्हाइकाची. त्याला तिथे बसवून आपेक पाण्यात बैलाच्या काळजाचा खिमा टाकायचे आणि म्हणायचे, आता बोट दाखवू नका, नुसतं बघा. जो धावत येऊन खातो तो घ्यायचा. जो काळवंडून कोपऱ्यात तोंड फिरवून उभा राहतो, तो कितीही देखणा असला तरी सोडायचा. अंग बशीसारखं गोल हवं आणि अंगाच्या मानाने डोळा लहान हवा. लहान अंगावर मोठा डोळा दिसला तर समजायचं, हा पिल्लू नाही, उपाशी राहून खुरटलेला म्हातारा आहे. एकाच कल्ल्याने श्वास घेणारा नको. मागे पांढरा दोरा लोंबतोय तोही नको, त्याच्या पोटात जंत. आणि एवढ्याशा पिल्लावर भडक रंग चढलेला दिसला तर त्याला औषध चारलेलं असतं, तो रंग तुमच्या घरी जाऊन उतरणार.

एक किंवा दोन मासे ते कुणालाच देत नसत. एकाच टाकीतले सहा घ्या म्हणायचे. दोन असले की जबरा दुसऱ्याला मार देऊन उपाशी ठेवतो, सहा असले की तोच मार सगळ्यांत वाटला जातो. मग प्रश्नांची सरबत्ती. टाकी केवढी? रात्रभर पाणी कशात साठवणार? गावाला गेलात तर पाणी कोण बदलणार? मासा दहा वर्षं जगतो, ठाऊक आहे ना? बहुतेक जण तिसऱ्या प्रश्नाला गडबडायचे.

मी एकदा वैतागून म्हणाले होते की आपेक, तुम्ही मासे विकता की मुलगी देता? ते म्हणाले, "मेलेला मासा कुणी परत आणत नाही, केंग. फोन करतात. फोनवर रडतात. मग मी काय करू?"

आपेकांच्या म्हातारीने अंथरूण धरलं तेव्हाही शेड चालूच होती. सकाळी टाक्यांचं पाणी बदलायचं, घरात जाऊन तिची कूस बदलायची, तिला पेज भरवायची, पुन्हा शेडमध्ये. संध्याकाळी तेच. दोन वर्षं असं चाललं. मागच्या वर्षी ती गेली आणि आपेकांचं जेवणावरचं लक्ष उडालं. समोर ठेवलं तर दोन घास खायचे, नाही ठेवलं तर तसेच बसून राहायचे. पाठीनेही दगा दिला. बादली उचलायची म्हटली की चेहरा पांढराफटक.

शेवटी त्यांच्या मुलीने, सोक इमने, सगळं ठरवलं. बापाने रेलाऊला तिच्या फ्लॅटवर राहायला यायचं. बुकित मर्ताजामचा याप नावाचा व्यापारी सगळे मासे नेणार, फक्त सहा आपेकांनी स्वतःसाठी निवडून ठेवायचे. सोक इम कारखान्यात कामाला, नवरा ट्रकवर, दोन पोरं. फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नाही. ती माझ्याकडे टाकी घ्यायला आली आणि म्हणाली, फ्रिज आणि देवांच्या मध्ये दोन फूट जागा निघते, तेवढ्यात बसेल अशी दे.

दोन फुटांत सहा डिस्कस म्हणजे एका खाटेवर सहा पाहुणे. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं.

"मग काय करू, केंग ची? देवांना बाहेर काढू?" ती म्हणाली. ची म्हणजे ताई. मग खुर्चीत बसली आणि आवाज खाली आणून बोलली, "आई गेल्यापासून पा नुसते बसतात. मासे तरी समोर असले की उठतील. माशांशिवाय ते टिकणार नाहीत गं. मला माहिती आहे."

मी टाकी दिली. पाणी लवकर भरून ठेव आणि तशीच चालू दे, एवढं मात्र बजावलं.

ठरलेल्या सकाळी मी माझी व्हॅन घेऊन बालिक पुलाऊला गेले. यापची माणसं आदल्या दिवशी रांगा रिकाम्या करून गेली होती. ओल्या जमिनीवर नळ्या पडल्या होत्या. निवडीसाठी एकच टाकी भरलेली ठेवली होती, तिच्यात विसेक मासे, आणि समोर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत आपेक. त्यांना त्या खुर्चीत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी आणलेली कॉफी त्यांनी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

त्यांनी खिमा टाकला. मासे तुटून पडले. आपेक नेहमीसारखेच बघत बसले, पण तोंडाने काही शिकवत नव्हते. बोटाने दाखवत गेले, मी जाळीने काढून एकेका पिशवीत सोडत गेले. एक निळसर, दोन तांबडे, एक साधा तपकिरी, एक ठिपक्यांचा. मला माशांतलं तेवढं कळत नाही, पण ते पाचही असे होते की त्यांच्याकडे बघून मलासुद्धा वाटलं, आपणही पाळावेत. सहाव्याला आपेक थांबले. बराच वेळ काही दाखवेनात. पाठ दुखत असेल म्हणून मी विचारलं, तर मान हलवली.

"टाकी केवढी आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, चांगली आहे, माझ्याच दुकानातली आहे.

"केंग."

"दोन फूट," मी म्हणाले.

त्यांना राग आला नाही. पुढचे प्रश्न विचारले, आणि ते प्रश्न मला पाठ होते. पाणी कशात साठवणार? फ्लॅटला एकच न्हाणीघर, सकाळी चौघांची घाई. तिथे पिंप कुठे ठेवणार? बादली कोण उचलणार? मग त्यांनी माझ्या हातून पिशवी घेतली, पाण्यात धरून तोंड सोडलं आणि तो ठिपक्यांचा मासा आत जाऊ दिला. मग दुसरी पिशवी.

"या माणसाला मी मासे देत नाही," ते म्हणाले.

मी चिडले. अहो, ते नियम नवख्यांसाठी, तुम्ही का नवखे आहात, आणि इतकी वर्षं ज्याने हजारो मासे जगवले त्याला दोन फुटांत सहा जगवता येणार नाहीत का, असं बरंच काही बोलले. माझ्या तोंडाला लगाम नाही, हे आपेकांना माहीत आहे. ते ऐकत राहिले आणि पिशव्या सोडत राहिले. शेवटी मी सोक इमचं नाव काढलं. म्हटलं, तिला वाटतं तुम्ही माशांशिवाय जगणार नाही. ती वाट बघतेय. तिला काय सांगू?

"मी सांगेन," ते म्हणाले.

त्यांनी यापला फोन करून उरलेलेही घेऊन जा म्हणून सांगितलं. माशांच्या पिशव्यांसाठी आणलेला खोका व्हॅनमध्ये रिकामाच खडखडत होता. डोंगराच्या वळणांवर आपेक डोळे मिटून बसले होते. मी मनातून त्यांच्यावर भयंकर रागावले होते, कारण सोक इमचा चेहरा मला बघवणार नव्हता.

फ्लॅटचं दार तिने आधीच उघडून ठेवलं होतं. फ्रिज आणि देवांच्या मध्ये टाकी. पाणी काचेसारखं स्वच्छ, हीटर चालू, पंप बारीक आवाज करत होता. माझ्या सांगण्याप्रमाणे तिने ती केव्हापासून नुसत्या पाण्यावर चालवली होती. पोरांनी काचेवर बोटं लावू नयेत म्हणून समोर स्टूल आडवं टाकलं होतं. आपेकांनी पाण्यात हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि पाणी छान झालंय म्हणाले.

"मासे कुठे आहेत, पा?"

"दिले नाहीत."

"कुणी? यापने?"

"बून लेंगने. टाकी लहान आहे म्हणाला."

तिला आधी हसू आलं. मग ती घाईघाईने बोलत सुटली. घरमालकाशी बोलते, फ्रिज स्वयंपाकघराबाहेर काढते, तीन फुटांची, चार फुटांची टाकी आणू, पाणी मी बदलीन, कामावर जायच्या आधी रोज मी बदलीन, पोरंही मोठी झाली आहेत. आपेक उभ्यानेच ऐकत होते. त्यांचा हात अजून ओला होता. तिचं बोलणं संपेना तेव्हा त्यांनी तिच्या खांद्यावर तो हात ठेवला.

"टाकीचं नाही गं, इम. मी दमलोय. मला आता कुणालाच जगवायचं नाही."

पोरं आतल्या खोलीत टीव्ही बघत होती.

आपेकांना अजून काही सांगायचं होतं. मासा मेला की वाईट वाटायचं, ते म्हणाले. पण तुझी आई गेली तेव्हा सकाळी उठलो, पाणी बदललं, आणि घरात जायला वळलो, तर घरात काहीच काम नव्हतं. मग पुन्हा शेडमध्ये गेलो, कारण मासे अजून जिवंत होते. तुम्ही सगळे म्हणता, मासे आहेत म्हणून मी आहे. मला तर वाटायचं, हे कधी संपेल.

एवढं बोलून ते पोरांच्या खोलीत गेले आणि चपला न काढताच पलंगावर आडवे झाले. सोक इमने टीव्ही बंद केला आणि पोरांना बाहेर काढलं. दुपार चढायची होती. शेडमध्ये हीच वेळ दुसऱ्या चाऱ्याची, आणि या वेळेला आपेक झोपलेले मी जन्मात पाहिले नव्हते. थोड्या वेळाने त्यांचं घोरणं ऐकू आलं.

सोक इम जेवणाच्या टेबलाशी बसली. टेबलावर वाटीत भात आणि वाफवलेला मासा झाकून ठेवलेला होता, बापासाठी. तिने ते झाकण नीट केलं. मग मला म्हणाली, "दोन वर्षं मी रोज फोन करायचे, केंग ची. आईने काय खाल्लं, आई कशी आहे, हेच विचारायचे. पा, तुम्ही दमलात का, असं एकदाही विचारलं नाही."

ती उठली. पंप आणि हीटरची पिन काढली, आपेकांच्या खोलीचं दार लोटून घेतलं, आणि बाहेर खेळणाऱ्या पोरांना हळू बोला म्हणून दटावलं.