सासरच्या पलंगाचं माप

माझी चार बोटं खाट आणि पाळण्याच्या मधल्या फटीत सहज गेली. हात तसाच ठेवून मी खोलीतल्या सगळ्यांकडे पाहिलं. प्रवीणचा चेहरा खर्रकन उतरला.

"सिस्टर, आसं कसं? मी टेप लावून मोजलंय."

मोजलं होतं हे खरंच. टेपचा फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये होता.

मी बारामतीत एका लहान मुलांच्या दवाखान्यात नवजात बाळांच्या विभागात नर्स आहे. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ घरी गेलं की आमच्या डॉक्टर मॅडम मला त्याच्या घरी पाठवतात. बाळ कुठं आणि कसं झोपतं ते बघून यायचं. ऐकायला सोपं आहे. पण या विषयावर आजी, आत्या, शेजारीण आणि मोबाईल या सगळ्यांची मतं आधीच तयार असतात. नर्सला विचारतात ते चहा झाल्यावर.

हे घर काटेवाडीतलं, प्रणालीचं माहेर. प्रणालीचं सिझर झालेलं. बाळ म्हणजे मुलगी, नाजूक, दूध ओढायला फार वेळ लावणारी. वॉर्डात असताना एकदा पाजता पाजता प्रणालीचा डोळा लागला आणि बाळाचं नाक तिच्या दंडाखाली दबलं. मी शेजारीच होते, लगेच उचललं. बाळाला काही झालं नाही. प्रणालीला मात्र झालं. ती त्यानंतर झोपेनाच. "सिस्टर, डोळा मिटला की तेच दिसतं," म्हणायची. बाळाला कुशीत घेऊन झोपायची भीती, आणि लांब ठेवावं तर टाक्यांमुळे उठवत नाही. आईला झोप नाही म्हणून दूध कमी, दूध कमी म्हणून बाळाचं वजन वाढेना.

मॅडम म्हणाल्या, "यांना बेडसाइड स्लीपर घ्यायला सांगा."

बेडसाइड स्लीपर म्हणजे आईच्या पलंगाला चिकटून उभा राहणारा छोटा पाळणा. तीन बाजूंना जाळी, चौथी बाजू खाली करता येते. पट्ट्यांनी तो पलंगाला घट्ट बांधायचा. बाळ आईच्या हाताशी राहतं, पण झोपतं आपल्या वेगळ्या जागेवर. मात्र दोन्ही गाद्या कंपनीने सांगितल्याप्रमाणे जुळल्या पाहिजेत आणि मध्ये फट अजिबात नको. फटीत बाळाचं तोंड गेलं तर त्याला ते बाहेर काढता येत नाही.

प्रणालीचा नवरा प्रवीण एमआयडीसीत फिटर आहे. दुकानातून त्याने मला व्हिडिओ कॉल केला. पहिला पाळणा झालरींचा, उशा आणि लोड लावलेला.

"सिस्टर, ह्यो लई भारी हाय. सासरवाडीत उठून दिसंल."

"बाळाला मिरवायचंय का झोपवायचंय?"

दुसऱ्याची गादी दाबायला सांगितली. "हात रुततोय," तो म्हणाला. म्हटलं, ठेवा खाली. तिसरा चांगला निघाला. गादी टणक आणि सपाट, बाजूंना हवा खेळेल अशी जाळी, पाय कमीजास्त करायची सोय, भक्कम पट्टे. मी सांगितलं, जमिनीपासून गादीपर्यंतची उंची मोजा, पट्टा पलंगाखालून जातो का बघा, मगच घ्या. गडी घरी गेला, मोजून आला, फोटो पाठवला आणि मग पाळणा घेतला. मी मॅडमना म्हणाले सुद्धा, सगळ्या बापांनी या माणसाकडे शिकवणी लावावी.

आणि आता माझी चार बोटं फटीत होती.

"प्रवीण, तुम्ही मोजला तो पलंग हाच ना?"

तो खाटेकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "न्हाय. आमचा. घरचा."

"घरचा म्हणजे?"

"इंदापूरचा."

प्रणालीचे वडील, तात्या, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "पाव्हणं, पयलं बाळंतपण माहेरी आस्तंय! तुमी तिकडं मोजून आला व्हय?"

मलाही हसू आवरेना. एवढा काटेकोर माणूस, सगळं माप अचूक, फक्त पलंग चुकला. बाळ-बाळंतीण दोन-तीन महिने काटेवाडीत राहणार, आणि इथली लोखंडी खाट बुटकी. पाळण्याचे पाय सगळ्यात खाली केले तरी तो खाटेपेक्षा उंच राहत होता, आणि खाटेचा जाड गोल पाइप मध्ये येऊन फट पडत होती.

प्रणालीची आई, कुसुमकाकू, तेवढ्यात घडी केलेली गोधडी घेऊन आल्या. "त्यात काय एवढं? ही ठासून बसवती. फट बुजली."

"काकू, गोधडी नको."

"मऊ हाय की."

"मऊ आहे म्हणूनच नको. आणि पाळण्यातली ती मोहरीची उशीपण काढा."

काकूंचा पारा चढला. "आवो बाई, डोस्कं गोल व्हतंय मोहरीच्या उशीनं. माझी दोन्ही लेकरं तिच्यावरच वाढल्याती. काय झालंय का त्येंला?"

अशा वेळी वाद घालून उपयोग नसतो. मी म्हणाले, "काही झालं नाही, चांगलंच झालं. आता एक करा. त्या गोधडीत तोंड खुपसून श्वास घेऊन बघा."

दुसऱ्या कुणी मला घराबाहेर काढलं असतं. काकूंनी खरंच खाली बसून गोधडीत तोंड खुपसलं. थोड्या वेळाने लाल चेहऱ्याने वर आल्या. बाळाकडे बघत म्हणाल्या, "मला मान वळवता आली. हिला कुठं येतीया?" आणि स्वतःच्या हाताने उशी उचलून कपाटात टाकली. मग मला विचारलं, "अजून काय काय काढू?" वीस वर्षं शिकवलं तरी काही लोकांना जे पटत नाही, ते या बाईने एका श्वासात मान्य केलं. मला त्या फार आवडल्या.

गोधडी, उशी, खेळणं, झोपताना डोक्यावरची कुंची, सगळं बाहेर गेलं. बाळ उताणं, अंगात बेताचे कपडे, खाली एकच ताणून बसवलेली चादर. पण फट होती तिथंच होती.

"खाटंखाली इटा लावू," तात्या म्हणाले. ताज्या टाक्यांची बाई विटांवरच्या हलत्या खाटेवर चढणार? मी नाही म्हणाले.

"मग पाळण्याचं पाय कापतो," फिटरसाहेब म्हणाले.

"खबरदार! कंपनीने बनवलेल्या वस्तूला करवत लावायची नाही."

शेवटी मी चौथी बाजू वर करून खटका लावून पक्की केली आणि पाळणा खाटेजवळ सुटा उभा केला. या पाळण्यात ती सोय होती. बाळ सुरक्षित झालं. पण प्रणाली त्याला घ्यायला उठली तेव्हा ओठ दाबून उठली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दर पाजण्याला काकू उचलून देणार म्हणाल्या. पण पहाटे गाईंच्या धारा काढणाऱ्या काकू अशा किती दिवस जागणार?

प्रणाली हळू आवाजात म्हणाली, "माझा पलंग हितं आणला तर?"

काकूंनी तात्यांकडे पाहिलं. तो पलंग तात्यांनीच लग्नात दिलेला. लेकीला दिलेला पलंग टेम्पोतून माहेरी परत आला, तर गाव दुसरं काही विचारत नाही. पोरगी टाकली, एवढंच म्हणतं.

"गावाच्या तोंडाला कोण लागंल, पोरी?" तात्या म्हणाले. मघाशी हसणारा माणूस एकदम थकलेला दिसला. प्रवीण म्हणाला, "आईला इचारतो." पण आवाजात जोर नव्हता.

दवाखान्यात मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपण फट दाखवायची. पलंग कुणी कुठं न्यायचा, ते त्यांच्या घरचं." बरोबरच होतं. तरी मला चुटपुट लागली.

पुढच्या आठवड्यात बाळाचं वजन घ्यायला गेले, तर दारात पिकअप उभी. मागे पलंग, त्यावर त्याचीच गादी. पुढच्या सीटवरून प्रवीणची आई, आक्का, उतरल्या. ठेवणीतलं लुगडं, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. मागून उतरलेला प्रवीण हसू दाबत मला म्हणाला, "सिस्टर, आक्कानं गावात चौकात गाडी थांबवली. घर ठावं आसताना पत्ता इचारला. मोठ्यानं!"

"काय विचारलं?"

"आमच्या सुनंचं माहेर कुठं हाय वो? नातीच्या पाळण्यासाठी पलंग आणलाय. मी बी चार दिवस ऱ्हायला आलीया."

कुसुमकाकू दारातच रडायला लागल्या. आक्का म्हणाल्या, "विहीणबाई, रडताय कशाला? लाकूडच हाय ते. आधी च्या टाका." तात्यांनी पलंगाचं एक टोक उचललं आणि जावयाने दुसरं.

पलंग लागला. प्रवीणने पाळण्याची उंची जुळवली, पट्टे ओढले. मी प्रणालीला पलंगावर झोपायला लावलं, कारण माणूस झोपलं की गादी दबते आणि लपलेली फट तेव्हा उघडी पडते. करंगळीसुद्धा शिरेना. मी सांगितलं, पट्टे रोज ओढून बघा, आणि बाळ कुशीवर वळायला किंवा हातावर उठायला लागलं की पाळणा बंद, मग मोठा पाळणा घ्या.

"मी बगती रोज," आक्का म्हणाल्या. "तुमी हाय तवर," काकूंनी दुरुस्ती केली, "आन् मग मी."

चहा होईपर्यंत प्रणालीला झोप लागली. गाढ, तोंड किंचित उघडं. एक हात जाळीपाशी, बाळ आपल्या जागेवर उताणं. मला वजन घ्यायचं होतं. आक्कांनी काटा माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाल्या, "वजन कुठं पळून चाललंय? लेक झोपलीया माझी."

मी बाहेर ओट्यावर बसून लाडू खाल्ला. मापं मी बऱ्याच बापांना घ्यायला लावली आहेत, पण सुनेची अब्रू अशी चौकात उभी राहून राखणारी सासू मी आधी पाहिली नव्हती.

आता कुणी पाळण्याबद्दल फोन केला की मी उंची नंतर विचारते. आधी विचारते, बाळंतपण कुणाकडं? कंपनीच्या माहितीपुस्तिकेत हा प्रश्न नाही. ती लिहिणाऱ्यांच्या मुली बहुतेक माहेरी जात नसाव्यात.