वन्संचा पूल

माझ्या नणंदेला मी वन्सं म्हणते. लग्नानंतर चेष्टेने म्हणायला लागले आणि तेच तोंडात बसलं. वन्सं कवळ्या बनवतात. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे येतात, त्यांत प्लास्टर ओतायचं, गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, मग घासूनपुसून चकचकीत करायचं. "निम्मं शहर माझ्या दातांनी चावतं," असं त्या ऐटीत सांगायच्या. तेही घोगऱ्या, फाटक्या आवाजात. फोनवर अनोळखी माणसं त्यांना हमखास 'काका' म्हणत.

हा आवाज त्यांचा मूळचा नव्हे. मी नवी नवरी होते तेव्हा वन्सं गायला बसल्या की माझा पोळी लाटता हात थांबायचा. पुढे गळ्यातली गाठ काढली आणि गाठीबरोबर गाणंही गेलं. जीव वाचला हे काय थोडं, असं सगळे म्हणाले. थोडं नव्हतंच. पण त्यानंतर घरात रेडिओ लागला की वन्सं कपडे वाळले का ते बघायला गच्चीत जायच्या. दोरीवर कपडे असोत की नसोत.

मग त्यांना तो पूल सापडला. कामावरून येताना वाटेत लागणारा साधा उड्डाणपूल. पुलाच्या दोन तुकड्यांमधल्या फटीवर लोखंडी पट्टी असते, तिथली एक सैल झाली होती. वरून बस गेली की 'धडाड्' व्हायचं आणि मग खांबांतून एक खोल घुमारा उठायचा, बराच वेळ रेंगाळायचा. चपलेचा पट्टा तुटला म्हणून वन्सं तिथे थांबल्या होत्या. त्या घुमाऱ्यात त्यांनी सहज आपला आवाज मिसळून पाहिला. खालचे दोन-तीन सूरच काय ते उरले होते त्यांच्याकडे. पण घुमारा खाली अंथरला गेला आणि आवाजातल्या चिरा बुजल्या.

"वहिनी, मी गायले गं," घरात पाऊल टाकताच त्या म्हणाल्या. चप्पल हातातच होती.

पुलाशेजारच्या गॅरेजात एक मेकॅनिक आहे, त्याला सगळे पानाच म्हणतात. वन्संचं गाणं ऐकून त्याने गाड्यांच्या जुन्या स्प्रिंगा आणि ब्रेकचे ड्रम दोरीला टांगले, ते तो वाजवायचा, कधी चामड्याच्या पट्ट्याने घासायचा. शनिवारी संध्याकाळी दोघांचे प्रयोग सुरू झाले. रहदारी जितकी जास्त तितकी साथ चांगली. पहिल्या खेपेला तीनच श्रोते, त्यांतला एक पंक्चर निघायची वाट बघत बसलेला. "गाणं कधी सुरू होणार?" त्याने विचारलं. "संपलं की हो," पाना म्हणाला. पण हळूहळू माणसं जमू लागली, घरून बसायला सतरंज्या आणू लागली. मी वन्संना मान वर करून गाताना पुन्हा पाहत होते.

तेवढ्यात पोलिस येऊन हटकायला लागले. परवानगी कुठाय? पानाच्या डोक्यातून निघालं, की पूल ज्या खात्याच्या ताब्यात आहे, त्याच्या साहेबांनाच बोलवायचं. "एकदा ऐकलं की विरघळतील बघा, ताई!"

आणि साहेब खरंच विरघळले. डोळे मिटून बसले होते. संपल्यावर म्हणाले, "मी आयुष्यभर पुलांचं काम करतोय, पण पूल असा कधी ऐकलाच नव्हता." परवानगी तिथल्या तिथे कबूल केली. मग हळूच विचारलं, "तो धडाड् नेमका कुठून येतो हो?"

आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. वन्सं इतक्या हरखल्या, की त्यांनी साहेबांना हाताला धरून नेलं, त्यांचा तळवा खांबावर टेकवला आणि म्हणाल्या, "थांबा, बस येऊ दे." बस आली. साहेब बराच वेळ हात टेकवून उभे होते. मला वाटलं, केवढा रसिक माणूस!

पुढच्याच आठवड्यात पूल बंद करून नवी पट्टी बसवली. पाना भांडायला वर चढला, तसाच खाली आला. "पट्टी उखडली असती तर बस खाली आली असती म्हणतात. आता काय बोलू?"

"हात दाखवून अवलक्षण!" आमचे हे म्हणाले आणि बहिणीचं तोंड बघून चहा टाकायला उठले.

शनिवारी साहेब बायकोला घेऊन आले, पुढेच बसले. वरून बस गेली. नुसतं 'सूंऽऽ'. वन्संनी दुसरी बस जाऊ दिली, तिसरी जाऊ दिली. मग तोंड उघडलं. फरशीवरून खुर्ची ओढावी तसा आवाज निघाला. पानाने तो झाकायला ड्रम बडवले, पण झाकून झाकणार किती? मागे कुणीतरी खुदकन हसलं. वन्सं मध्येच थांबल्या.

साहेबांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. "आता निर्धास्त गा. पूल पक्का झालाय!"

"आभारी आहे," वन्सं म्हणाल्या.

परतताना बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. "वहिनी, तुम्ही रोज हा आवाज ऐकता?"

"आम्हाला सवय आहे हो त्याची."

"मला नव्हती," त्या म्हणाल्या.

पानाने त्यांना मोटारसायकलवर बसवून इतर पुलांखाली फिरवलं. एक नुसता किणकिणायचा, एक मुकाच होता, एकाखाली जेमतेम जुळत आलं तर वन्संनीच हात हलवून नको म्हटलं. आता त्या जात नाहीत. कवळ्या घासतात. फोन वाजला की माझ्या हातात देतात. जेवताना काही हवं असेल तर बोट दाखवतात.

काल ह्यांनी मुद्दाम त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन विचारलं, "डॉक्टरांना दाखवू या का एकदा?"

वन्संनी मानेनेच नाही म्हटलं.

"अगं, तोंडाने तरी नाही म्हण की!"

त्यांनी दार हळूच लोटून घेतलं.