गोड्या पाण्याची भर

सकाळचं कोवळं ऊन बाल्कनीच्या जाळीतून गळून बादलीत पडलं होतं आणि बादलीतलं पाणी अजून दुधाळ होतं. मीठ एकदम विरघळत नाही. आधी तळाशी रुसून बसतं, मग हळूहळू पाण्याच्या अंगात उतरतं आणि अखेर पाणी असं नितळ होतं, की त्यात काही मिसळलंय हे कुणाला खरं वाटू नये. समोरच्या कडुनिंबाला नुकता फुलोरा आला होता. त्याचा कडसर-गोड वास हवेत होता आणि मी जुन्या उलथन्याने एक समुद्र ढवळत होतो.

उज्ज्वला, माझी पत्नी, चहाचा कप घेऊन आली. वाकली, बादलीत बोट बुडवून जिभेला लावलं. तिचं माहेर मालवणजवळचं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरचं. मी परीक्षेला बसलेल्या पोरासारखा तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"मीठ आहे," ती म्हणाली. "समुद्र नाही."

"का? मापून घातलंय. खास समुद्री माशांसाठीचं मीठ आहे ते."

"असेल. पण वास कुठे आहे?"

आणि कप घेऊन ती आत गेली.

हैदराबाद हे दगडांचं शहर आहे. एकावर एक तोल सांभाळून उभे असलेले ते प्रचंड गोल पाषाण कधीकाळी कुठल्या तरी प्राचीन पाण्याने घडवले असतील असं वाटतं खरं, पण समुद्र इथून कुठल्याही दिशेला दूरच. लग्नाआधी मी तिला पहिल्यांदा हुसेनसागर तलावाच्या बांधावर नेलं, तेव्हा रेलिंगवर कोपर टेकून ती बराच वेळ त्या संथ, करड्या पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ह्याला सागर म्हणतात होय? बरं, म्हणा." त्या वेळी आम्ही दोघं किती हसलो होतो! ती कोठी भागात मामाकडे राहून नोकरी करत होती, मी जामबागच्या एका शाळेत गणित शिकवत होतो. लग्न आम्हीच ठरवलेलं होतं आणि त्या वयात समुद्र नसणं ही काही मोठी अडचण वाटत नाही.

अडचण दुसरीच होती. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात मासळी कधी शिरली नव्हती. उज्ज्वला तर मासळीच्या वासावरच वाढलेली. आईचं हे मी तिला लग्नाआधी सांगितलं, प्रामाणिकपणे सांगितलं, आणि पुढे एक वाक्य जोडलं: "आई आहे तोवर." ती म्हणाली, "चालेल. आई आहेत तोवर." त्यानंतर तिने तो विषय पुन्हा काढला नाही. बाहेरही कुठे खाल्लं नाही, कारण घरी आल्यावर आईला वास येईल असं तिला वाटे. माहेरी गेली की मात्र खात असे. पण वडील गेले, भावाने घर विकलं, आणि ते जाणंही संपलं.

आई जाऊन आता तिसरी दिवाळी उलटली आहे.

खाऱ्या पाण्याची टाकी करायचं माझ्या मनात आलं ते याच सुमारास. मुलीच्या शिक्षणाचा खर्च चालू असताना माझ्यासारख्या मास्तराने असला शौक करू नये, हे कळत होतं. म्हणून सगळं जुनं-पुराणं गोळा केलं: एका बाजूला ओरखडा असलेली वापरलेली टाकी, शौक सोडून दिलेल्या एका गृहस्थाकडचे सच्छिद्र, वाळलेले प्रवाळाचे दगड, पाणी थंड ठेवायच्या महागड्या यंत्राऐवजी छोटा टेबलफॅन. उज्ज्वलाला माहेर परत देता येत नाही, निदान समुद्राचा एक तुकडा घरात आणावा, असं मी स्वतःला सांगत होतो. ते तेव्हा मला खरंच वाटत होतं.

टाकी विकणारे वाहीदभाई दिलसुखनगरच्या एका बोळात बसतात. मी उत्साहाने मासा मागितला, तर त्यांनी हातच जोडले. "अब्बी मछली नक्को, मास्टरसाब. मर जाती. पानी पकना पड़ता पहले."

"पानी कैसा पकता?"

"एक झिंगा डाल के छोड़ दो. सड़ने दो. सड़ेगा तोच पकेगा."

त्यामागचं शास्त्र मी नंतर वाचलं. कोळंबी कुजली की पाण्यात विष उतरतं. ते विष खाणारे सूक्ष्म जिवाणू हळूहळू दगडांच्या छिद्राछिद्रांत वस्ती करतात. आणि आलेलं सगळं विष ती वस्ती पचवू लागली, की मगच त्या पाण्यात मासा जगू शकतो. समुद्राची सुरुवात मिठाने होत नाही, कुजण्याने होते. उज्ज्वला ज्या वासाबद्दल विचारत होती तो हाच असणार, असं वाटून मला त्या कल्पनेचं फार अप्रूप वाटलं.

तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी मासळीबाजारात गेलो. पाट्यांमधून ओघळणारं बर्फाचं पाणी चुकवत, नाक दाबून एका बाईसमोर उभा राहिलो आणि मोडक्यातोडक्या तेलुगूत एक कोळंबी मागितली. फक्त एक.

"ओक्क रोय्या?" तिने शेजारणीकडे बघून डोळे मोठे केले. "पिल्लिका, सार?"

एकच कोळंबी, मांजरासाठी का, असं ती विचारत होती. आजूबाजूच्या सगळ्या बायका हसल्या, मीही हसलो. एक काही ती देईना. शेवटी पावशेर कोळंबी काळ्या पिशवीत बांधून घेतली आणि ती पिशवी अंगापासून लांब धरून घरी आलो.

उज्ज्वला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी चिमट्याने एक कोळंबी उचलून टाकीत सोडली. ती पाण्यात हलकेच गिरक्या घेत तळाच्या वाळूवर जाऊन निजली.

"बाकीची?" उज्ज्वलाने विचारलं.

"टाकून येतो खाली," मी म्हणालो. "मांजरं खातील."

मी खाली गेलो, पिशवी मोकळी केली, वर येऊन साबणाने हात धुतले. दोनदा धुतले. ते सगळं तिने पाहिलं असणार; मला मात्र त्यात पाहण्यासारखं काही आहे, हेच दिसलं नाही.

पुढच्या दिवसांत घरात तो वास भरला. आधी पुसट, मग पडद्यांना, उशांना, वाळत घातलेल्या कपड्यांनाही. आमची मुलगी मुग्धा कॉलेजातून आली की दारातच नाकाला ओढणी लावी. "बाबा, कायकू हे सगळं? एक मेलेली कोळंबी बघायला तुम्ही लाइट पण लावताय! माझ्या फ्रेंड्सना घरी बोलवायचं की नक्को?" मी तिला जिवाणूंविषयी सांगू लागलो, की ती "हौ बाबा, हौ" म्हणत खोलीचं दार लावून घेई.

उज्ज्वलाने मात्र एकदाही तक्रार केली नाही. दुपारची कामं उरकली, की ती टाकीसमोर खुर्ची घेऊन बसे. पंख्याने पाण्यावर बारीक लाटा उठत, त्यांची उजेडाची जाळी तिच्या चेहऱ्यावर हलत राही. शाळेतून येऊन मी ते बघत असे आणि मनात म्हणे, साधलं.

एका रविवारी काचनळीत टाकीतलं पाणी घेऊन, त्यात तपासणीचं औषध टाकून मी रंग बघत होतो. पाणी हिरवं झालं की विष आहे, पिवळं राहिलं की नाही. त्या दिवशी फार गर्द हिरवं होतं. मी आनंदाने तिला दाखवलं: बघ, कुजतंय व्यवस्थित.

ती टाकीकडेच बघत म्हणाली, "आपल्या घरात कोळंबी कुजवायला चालते."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. आज आमटीला चिंच नाही, हे सांगावं तसं ती बोलली. आणि उठून कुकर लावायला गेली.

मी ती नळी मोरीत ओतून धुवायला घेतली. आईचा नियम आईबरोबर गेला होता. त्यानंतरची ही वर्षं जो नियम घरात नांदत होता, तो माझा होता. मी तो कधी उच्चारला नव्हता, म्हणून मला तो दिसलाही नव्हता. "आई आहे तोवर" या वाक्याला शेवट होता आणि तो शेवट उच्चारण्याचं काम माझं होतं. ती वाट बघत होती की नव्हती, मला ठाऊक नाही. विचारायचं धाडस मला आजही होत नाही. तिला न परवडणारा काचेतला समुद्र देण्यापेक्षा एक वाक्य देणं किती स्वस्त होतं! पण त्या वाक्यासाठी मला स्वतःला मासळी शिजणाऱ्या घरात राहावं लागलं असतं. टाकी सोपी होती. टाकीला काच असते.

पुढच्या रविवारी मी पुन्हा बाजारात गेलो. ती बाई मला विसरली नव्हती. "पिल्लि बागुन्दा, सार?" मांजर बरं आहे ना? मी मान हलवली आणि या वेळी भरपूर कोळंबी मागितली.

घरी आल्यावर पिशवी उज्ज्वलाच्या हातात दिली. वाटेत जुळवलेली वाक्यं आठवेनात. म्हणालो, "आई नाही आता. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

तिने पिशवी उघडली. "सुंगटां," ती स्वतःशीच म्हणाली. कोळंबीचं हे तिच्या माहेरचं नाव कितीतरी वर्षांत मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मग पिशवीचं तोंड तिने पुन्हा आवळलं. मला वाटलं, परत देणार. पण तिने देवघराचा छोटा पडदा ओढला, जुनी कढई वेगळी काढली आणि जमिनीवर बसून कोळंबी सोलायला घेतली. तिची बोटं तिच्या आधी सगळं आठवत होती: डोकं, साल, पाठीतला काळा दोरा. नारळ खवला, कोकमाची सोलं भिजत घातली. तो वास घरभर पसरला, आणि मुग्धा खोलीतून बाहेर येऊन म्हणाली, "आई, हा कोणता वास? हा तर मस्त आहे!"

दोघी जेवायला बसल्या. मीही ताट घेतलं आणि कढईकडे हात नेला. उज्ज्वलाने तो हळूच बाजूला केला.

"तुम्ही नका खाऊ."

"खाईन की. तुझ्यासाठी—"

"म्हणूनच नका," ती म्हणाली. "माझ्यासाठी म्हणून आता काही करू नका. हे मला माझ्यासाठी खाऊ द्या."

मी वरण-भात कालवला. तिने पहिला घास घेतला, डोळे मिटले, जरा थांबली आणि म्हणाली, "मीठ जास्त झालंय." मुग्धा म्हणाली, बरोबर तर आहे. उज्ज्वला सावकाश, शेवटच्या कोळंबीपर्यंत जेवत राहिली.

आता वैशाख आहे. काचनळीतलं पाणी पिवळं राहतं. वाहीदभाई म्हणतात, आता मासा न्या. मी अजून नेलेला नाही. उन्हाने आणि पंख्याच्या वाऱ्याने टाकीतलं पाणी रोज थोडं उतरतं आणि काचेच्या कडेवर मिठाची पांढरी रेघ उमटते. सुरुवातीला मला वाटायचं, खारं पाणी कमी झालं की खाऱ्याचीच भर घालावी. पण वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी. मीठ सगळं मागेच राहतं. त्यात आणखी मीठ ओतलं, तर आतलं काहीच जगणार नाही. भर घालायची ती गोड्या पाण्याची, रोज थोडी, आवाज न करता.

आज सकाळी भर घालायला तांब्या घेऊन गेलो, तर पाणी मी काचेवर केलेल्या खुणेपर्यंत आधीच आलेलं होतं आणि टाकीसमोरच्या खुर्चीवर एक ओला पेला होता. स्वयंपाकघरात उज्ज्वला पोळ्या लाटत होती. तांब्यातलं पाणी बाल्कनीतल्या तुळशीला घातलं.