शेवटच्या ओळीतलं नाव

माझी आई गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावात गाणी रचते. कागदावर नाही, भाताच्या रोवणीच्या वेळी, बांधीतल्या चिखलात वाकल्या वाकल्या. गाणं जमलं की जयंतीला विहारात म्हणते आणि शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव गुंफते. दोनच अक्षरं. एरवी गावात ती कुणाची सून, कुणाची माय. तिचं नाव कानावर पडतं ते त्या एका ओळीत, आणि ते घेताना ती जराशी लाजते. मला ते लाजणं फार आवडतं.

मागच्या वर्षी शेजारच्या सुनेनं मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. गाणं आईचंच, वर ढोलकी, ऑर्गन आणि कुणी बाहेरचा गायक. शेवटच्या ओळीत आईचं नाव काढून त्यानं स्वतःचं चार अक्षरी नाव कोंबलं होतं. माझं डोकं सणकलं. आई मात्र पदर तोंडाला लावून हसत होती.

"चाल लंगडून राह्यली, पाह्य," ती म्हणाली. "चार अक्षरं बसतेत का तिथी?" मग जरा वेळानं, हळूच, "नाव चुकलं म्हणून सांगता येत नाई का त्यायले?"

"सांगते की," मी म्हटलं. मी वरोऱ्याला शाळेत शिकवते. अर्ज भरण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असा माझा तोरा. व्हिडिओवाली कंपनी परदेशातली, फॉर्म इंग्रजीत. हक्क कुणाचा, देश कोणता, पुरावा काय? चिखलात रचलेल्या गाण्याचा पुरावा, कपाळ! शेवटी विहारातल्या एका जुन्या कार्यक्रमाचं शूटिंग कुणाच्या तरी मोबाईलमध्ये सापडलं. तेच जोडलं. अर्ज पाठवला तेव्हा अख्ख्या जगाशी भांडून आल्यासारखं वाटलं.

काही दिवसांनी उत्तर आलं: तक्रार मान्य, व्हिडिओ हटवला. मी पेढे घेऊन तडक गाव गाठलं. आई अंगणात तांदूळ निवडत होती. बातमी ऐकून तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हणजे आता त्यात माझं नाव येते?"

"नाही माय, व्हिडिओच काढून टाकला त्यांनी. जिंकलो आपण."

ती पेढा हातात धरून बसून राहिली. "काढाले काऊन सांगतलं वो? एवढे लोकं आयकत होते. मले त एवढंच पाहिजे होतं, का त्यानं माझं नाव घ्यावं."

फॉर्ममध्ये नाव दुरुस्त करायची सोयच नव्हती, असं मी तिला सांगितलं. खरं म्हणजे मी ती शोधलीच नव्हती.