मोन्जियाच्या राउटरचा पत्ता

स्फाक्स शहरातल्या मोन्जियाला जन्मापासून ऐकू येत नाही, पण गप्पांत तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नाही. ती हातांनी बोलते. लेक सिरीन परदेशी, ल्योनला असते. रोज संध्याकाळी व्हिडिओवर मायलेकींचे हात भराभरा चालायचे.

हल्ली मात्र चित्रच गोठायचं. सिरीनचे हात हवेत अडकायचे आणि बोलणं अर्ध्यात तुटायचं. दोष मोन्जियाचाच. आल्यागेल्याला कॉफीबरोबर ती वायफायचा पासवर्डही द्यायची; पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? आता अख्खी इमारत आणि खालचा कॅफे तिच्याच राउटरवर पोसले जात होते.

आणि आज दुपारी ल्योनला मुलाकडची माणसं जमणार होती. आईनं हो म्हटलं, की फातिहाची दुआ पढून सोयरीक पक्की. लिहून कळव, असं तिची जाऊ म्हणाली, तेव्हा मोन्जिया भडकली. "पोरीला हो म्हणायचं, ते वाण्याच्या यादीसारखं लिहून?"

पासवर्ड बदलायचा तर राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायला हवं, आणि त्यासाठी त्याचा पत्ता हवा. तो राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर होता. ईदच्या साफसफाईत मोन्जियानं ब्लीच लावून तो पांढराफटक करून टाकला होता.

"घास अजून," नवरा लोत्फी हातांनी म्हणाला. "आता सोमवारी कंपनीचा माणूस येईल."

"सोमवारपर्यंत पोरीला ताटकळत ठेवू?"

शेजाऱ्यानं सांगितलेला पत्ता टाकून पाहिला, काही उघडेना. मोन्जिया चिडली, आणि चिडल्या चिडल्या तिला सुचलं. हा फोन रोज उठून त्या डब्याकडेच जातो ना, मग याला वाट ठाऊक असणारच. फोनच्या सेटिंगमध्ये तिनं आपल्या वायफायच्या नावावर बोट ठेवलं आणि खाली खाली सरकत गेली. तिथं 'गेटवे'पुढे लिहिलं होतं, 192.168.8.1. शेजाऱ्याच्या पत्त्याहून एकच आकडा वेगळा. तो तिनं ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकला आणि राउटरचं पान उघडलं. आत शिरायचा शब्द लोत्फीला पाठ होता.

वायफायचा पासवर्ड बदलला. खाली कॅफेत ऐन सामन्यात टीव्ही थांबला. ओरडा लोत्फीनं ऐकला आणि तो पोट धरून हसला. "तुझ्या नावानं ठणाणा चाललाय."

"चालू दे. मला कुठं ऐकू येतंय?"

फोन नव्यानं जोडला आणि सिरीन दिसली, अगदी लख्ख. तिचे हात न अडकता चालू लागले. "यम्मा, मुलगा तुला पसंत आहे ना?"

"तुला आहे, मग मला का नसेल? हो." मोन्जियाच्या हातांनी ते पुन्हा एकदा सांगितलं. "हो."

दारावरची घंटा दाबली की घरात दिवा लागतो. तो सारखा लुकलुकत होता. कॅफेवाला जिना चढून आला असणार. मोन्जियानं आयुष्यात पहिल्यांदाच पाहुण्याकडे पाठ फिरवली आणि फातिहासाठी दोन्ही तळवे उघडले.