ओडेटशिवाय गम्बो

मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गमध्ये, फॉस्टर स्ट्रीटमागच्या गल्लीत 'ओडेट्स' नावाचं चिमुकलं हॉटेल होतं, आणि २०२० च्या त्या हिवाळ्यात तिथे ओडेट सोडून सगळं होतं. ओडेट मूळची लुइझियानाची, साठी उलटलेली बाई. फेब्रुवारीत बहिणीला भेटायला माहेरी गेली आणि कोविडमुळे सीमा बंद झाल्यावर तिकडेच अडकली. तिकीट काढावं आणि विमान रद्द व्हावं, असं पुन्हा पुन्हा झाल्यावर तिने नाद सोडला. हॉटेल पडलं यतिनच्या गळ्यात.

यतिन नाशिकचा. अकाउंटिंग शिकायला मेलबर्नला आला, खर्चाला हातभार म्हणून ओडेटकडे भांडी घासायला लागला. भांड्यांवरून कांदा चिरण्यावर आला, तिथून भातावर आणि मासे तळण्यावर. डिग्री मिळाली, कायम राहायचा पीआर मिळाला, पण पाय काही त्या स्वयंपाकघरातून निघाला नाही. ओडेटच्या हाताखाली तो सगळं शिकला. फक्त गम्बोचा रू तिने त्याला कधी करू दिला नाही.

गम्बो म्हणजे कोंबडी, कोळंबी, धुरी दिलेलं सॉसेज आणि आपली भेंडी घातलेला दाट रस्सा. भातावर ओतून खायचा. त्याचा सगळा जीव रूमध्ये. तेलात मैदा घालायचा आणि हात न थांबवता भाजत राहायचं, बस. ऐकायला इतकं सोपं, की यतिनला वाटलं, यात काय शिकायचंय? वर्षानुवर्षं बाजूला उभं राहून बघितलंय की!

आणि तिथेच माशी शिंकली. लॉकडाउनमुळे नुसता टेकअवे सुरू झाला, पण गम्बो नेणारी माणसं एकेक करून यायची थांबली. सगळ्यात आधी थांबला डेस्मंड. जवळच नोबल पार्कला राहणारा हा म्हातारा तरुणपणी बोटीवर होता, न्यू ऑर्लिन्सला खाऊन-पिऊन आलेला. दर शुक्रवारी त्याला गम्बो लागायचा. फेसबुकवरच्या एका खवय्यांच्या ग्रुपमध्ये कुणीतरी विचारलं, मेलबर्नमध्ये लुइझियानाचं खरं क्रिओल-केजन जेवण कुठे मिळेल? डेस्मंडने लिहिलं, "ओडेट्समध्ये मिळायचं. आता जाऊ नका. तिथला इंडियन कुक पिवळं सूप विकतो."

यतिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इंडियन कुक! इतकी वर्षं माझ्या हातचा भात खाल्लास, तेव्हा कुठे गेला होता इंडियन कुक? चिडचिड करून तो दिवसभर भांडी आपटत होता. पण रात्री जेवताना स्वतःच्याच गम्बोचा घास घेतला, तर बेचव. म्हाताऱ्याचं खरं होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

त्यात ओडेटचा फोन आला. "यतिन बेबी, डिसेंबरमध्ये जागेचा करार संपतोय. माझी शुक्रवारची माणसं परत आली तर पुढे चालवू. नाही आली तर बंद करते."

मग व्हिडिओ कॉलवर शिकवणी सुरू झाली. यतिन एका हाताने ढवळायचा, दुसऱ्या हाताने फोन पातेल्यावर धरायचा. ओडेट ओरडायची, "अजून काळा कर!"

"अजून ढवळलं तर जळेल, ओडेट!"

"तुझं पातेलं लांब आहे, मला वास येत नाही. तू सांग, वास कसाय?"

"एकदम मस्त!" म्हणत यतिन गॅस बंद करायचा, आणि पुन्हा तेच पिवळं सूप. ओडेटने हात टेकले. यतिनला तर तो मैदा भिंतीवर फेकून मारावासा वाटत होता.

कोडं सोडवलं मयूराने, यतिनच्या बायकोने. ती एका वृद्धाश्रमात नर्स. ड्यूटीवर जाता जाता मागच्या दाराशी डबा द्यायला आली, मास्क खाली करून वास घेतला आणि म्हणाली, "अरे, बेसनाचे लाडू करतोयस का? दिवाळीला अजून टाइम आहे!"

यतिनचा हात गॅसच्या बटणावरच थांबला. दर दिवाळीत नाशिकला बेसन भाजायचं काम त्याचं असे. आई बाहेरच्या खोलीतून ओरडायची, "खमंग वास सुटला ना? मग उतरव लगेच, नाहीतर करपेल!" तोच धाक हातात मुरला होता. खमंग वास आला की त्याचा हात आपोआप गॅस बंद करत होता. ओडेटचा रू तर तिथून पुढे सुरू होत होता.

"मी रोज लाडू करत होतो गं!" तो म्हणाला. मयूरा हसली. त्याला अजिबात हसू आलं नाही.

पहिलं पातेलं खरंच करपलं, ते त्याने शिव्या देत मागे नेऊन ओतलं. दुसऱ्या वेळी खमंग वास आला, हात बटणाकडे गेला. त्याने तो मागे ओढला. ढवळत राहिला. वास बदलून कडसर झाला, रंग विटेवरून चॉकलेटवर आला, तेव्हा त्याने कांदा घातला. चर्र झालं आणि सगळ्या खोलीला ओडेटचा वास आला.

त्याने डेस्मंडला फोन केला. "एक डबा ने. माझ्यातर्फे." म्हातारा आला, डबा घेतला, थँक्यूसुद्धा न म्हणता गेला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्याची पोस्ट. "ओडेट परत आली आहे. जा."

फोन खणखणायला लागला. जुनी माणसं नावं सांगून ऑर्डरी देऊ लागली आणि शेवटी प्रत्येक जण म्हणे, ओडेटला हॅलो सांग. दुकान वाचत होतं, पण यतिनला आनंद काही होईना. वाईट झालं की इंडियन कुक, चांगलं झालं की ओडेट!

शुक्रवारी डेस्मंड दारात उभा राहिला. हातात सुपरमार्केटमधला फुलांचा गुच्छ. "तिला बाहेर बोलाव, मेट."

"ती लुइझियानातच आहे," यतिन म्हणाला. "आत मी एकटाच आहे. फेब्रुवारीपासून."

डेस्मंडने त्याच्या खांद्यावरून आत डोकावून बघितलं. "मग तो गम्बो?"

"माझा. आणि ते पिवळं सूपही माझंच."

डेस्मंडने पाकीट काढलं. मग दोन डबे घेतले आणि निघाला. फुलंही परत घेऊन गेला.

संध्याकाळी मयूराने फोन पुढे केला. डेस्मंडने पोस्ट बदलली होती. "ओडेट आलेली नाही. तरीही जा."

"तरीही म्हणे!" यतिन फणकारला, आणि उद्याच्या ऑर्डरींसाठी पातेल्यात तेल ओतलं.